वाडीवरच्या सेविकेसोबत काम करताना



मनाचा आजार म्हटला की आपल्यासमोर डॉक्टर उभा राहतो. पण वाडीवर पहिली चाहूल लागते ती शेजारणीला. कोण जेवत नाही, कोण रात्रभर अंगणात बसून असतो, हे तिला ठाऊक असते. याच जाणकारीवर विसंबून पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील ४१ खेड्यांत ‘आत्मीयता’ उपक्रम सुरू केला. गावाचा विश्वास असलेल्या स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण मिळाले. ते खचलेल्या माणसाला चार ते सहा वेळा भेटत, ऐकून घेत, मोबाइलवर छोट्या चित्रफिती दाखवत, सरकारी योजनेचा लाभ मिळवायला मदत करत. आजार मोठा दिसला तर दवाखान्यात पाठवत. योजनेचा आणि मनाचा काय संबंध? ज्या म्हातारीची पेन्शन अडली आहे तिला विचारा.

आपल्या शेजारच्या साताऱ्यात, तसेच गोवा व तामिळनाडूत, स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दवाखान्याच्या उपचाराला प्रशिक्षित गावसेवकाची जोड मिळालेल्यांत सुधारणा थोडी अधिक दिसली. थोडीच. सेवक डॉक्टरच्या जागी नव्हता, सोबतीला होता.

राधानगरी, शाहूवाडीच्या वाड्यांवर जाताना आपण सेविकेला वगळून थेट रुग्णाच्या दारात जाऊ नये. चारचौघांत रुग्णाचे नाव विचारू नये. गुप्तता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. शिवाय बोभाटा झाला तर आपण गाडीत बसून परत येतो, तिला मात्र त्याच पाणवठ्यावर जायचे असते. घरचे देवऋषाकडे जातात म्हणून तिला भांडायला लावू नये. गोळ्या चालू राहिल्या म्हणजे पुष्कळ झाले. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवरच त्याच्या उपयोगी पडले. प्रार्थनाही विचारूनच करावी.

तिचे कोण ऐकणार? दिवसभर दुसऱ्यांचे दुःख ऐकून ती घरी जाते. महिन्यातून एक तास फक्त तिच्यासाठी ठेवा, त्या वेळी वही-रजिस्टर बाजूला असू द्या.

कोणी मरणाची भाषा बोलू लागला, तर ते ओझे तिच्या एकटीवर टाकू नये. माणसाजवळ कोणीतरी थांबावे, कीटकनाशक घरातून हलवावे, टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा आणि सरकारी रुग्णालयात न्यावे. डोंगरात रेंज नसते. गाडी कोणाची आणि रात्री सोबत कोण येणार, हे तिच्याशी बोलून आताच ठरवून ठेवा.