मातीचे हरीण : प्राचीन पेरूतील प्राण्यांच्या आकाराची विधिपात्रे

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस अँडीज पर्वत आणि पॅसिफिक महासागर यांच्यामध्ये वाळवंटाचा अरुंद पट्टा आहे. पर्वतातून उतरणाऱ्या नद्यांनी त्यात ठिकठिकाणी सुपीक खोरी निर्माण केली आहेत. आजच्या पेरू देशाच्या उत्तर भागातील अशा खोऱ्यांत इसवी सनाच्या सुमारे १०० ते ८०० या काळात मोचे संस्कृती नांदत होती. या लोकांस लेखनकला अवगत नव्हती. म्हणून त्यांचे विचारविश्व जाणण्यास त्यांची मृत्पात्रे हे एक प्रमुख साधन ठरते.

मोचे कुंभार चाक वापरीत नसत. दोन भागांच्या साच्यात ओली माती दाबून ते पात्राचे दोन अर्धे घडवीत व मग ते जोडीत. वर मातीची पोकळ नळी कमानीसारखी वाकवून बसवीत आणि तिच्या मध्यावर उभे तोंड लावीत. ही तोटी घोड्याच्या रिकिबीसारखी दिसते. पात्रास तांबड्या व पांढरट मातीचा पातळ लेप देऊन ते भाजीत. घुबड, कोल्हा, समुद्रसिंह, बेडूक, खेकडा, लामा असे कितीतरी प्राणी या कुंभारांनी पाहताक्षणी ओळखू यावेत इतक्या हुबेहूब घडविले आहेत.

तथापि ही पात्रे म्हणजे केवळ निसर्गाची नक्कल नव्हे. हरणाचेच उदाहरण घेऊ. काही पात्रांत हरीण माणसासारखे मांडी घालून बसलेले असून त्याच्या गळ्यात दोर आहे. युद्धकैद्यांच्या मूर्तींतही तीच बैठक व तोच दोर आढळतो. पात्रांवरील चित्रांत हरणाची शिकार करणारे पुरुष उंची वस्त्रे ल्यालेले दिसतात. वास्तविक या लोकांच्या आहारात मासे, लामा व गिनीपिग यांचे मांस असे. हरणाचे मांस क्वचितच असे. यावरून ही शिकार उदरभरणासाठी नसून तो एक विधी होता आणि हरीण व युद्धकैदी यांचा संबंध त्या लोकांच्या मनात जुळलेला होता, असे अनुमान क्रिस्टोफर डॉनन प्रभृती संशोधकांनी केले.

कैद्यांचे पुढे काय होई? चित्रांत त्यांचा बळी देऊन रक्ताचा चषक प्रमुखास अर्पण करताना दाखविले आहे. ही केवळ कविकल्पना असेल काय? उत्खननाने याचे उत्तर दिले. १९८७ मध्ये वॉल्टर आल्वा यांनी सिपान येथे एका अधिपतीची कबर उघडली. तीतील अलंकार चित्रांतील प्रमुखाच्या अलंकारांशी जुळले. १९९५ पासून ‘वाका दे ला लुना’ या मंदिराच्या आवारात बळी दिलेल्या पुरुषांचे सांगाडे मिळाले. त्यांच्याजवळ गळ्यात दोर असलेल्या नग्न कैद्यांच्या मातीच्या फोडलेल्या मूर्तीही होत्या.

हा पुरावा बोलू शकला, कारण वस्तू जेथल्या तेथे होत्या. सिपान येथे चोर आधीच पोहोचले होते व त्यांनी एक कबर लुटलीही होती. लुटलेल्या कबरीतील हरीण बाजारात विकले गेले तर त्याचे रूप उरते. परंतु ते कोणाजवळ व कशासाठी ठेवले होते, हे ज्ञान कायमचे नष्ट होते. म्हणून संग्रहालयात असे पात्र पाहताना ते काय आहे एवढेच न विचारता ते कोठे व कसे सापडले, हेही विचारावे.