खांदा बदलायचा, तर डॉक्टर कुठला?

माझी आत्या दौंडला, मी शिरूरला. तिचा उजवा हात वर जाईना, वेणी घालता येईना, रात्री त्या कुशीवर झोपवेना. गुडघे बदललेली माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण खांदा बदललेलं माणूस विचारायलाही सापडत नाही. म्हणून तिच्यासाठी डॉक्टर शोधताना जे कळलं ते लिहिते आहे.

१. निदान गावातच होऊ द्या. हाडांचे डॉक्टर आणि एक्स-रे तालुक्याला आहेत. मधुमेहाच्या माणसाचा आखडलेला खांदा बहुतेकदा व्यायाम, औषधं आणि वेळ यांनी सुटतो, तिथे सांधा बदलायचं कारण नाही. आत्याचं दुखणं वेगळं निघालं. खांदा फिरवणारे स्नायू हाडापासून फाटून बरीच वर्षं झाली होती आणि दंडाच्या हाडाचा गोळा वर सरकून घासत होता. हे दौंडच्या डॉक्टरांनीच ओळखलं आणि म्हणाले, "हे ऑपरेशन मी करत नाही. पुण्याला, जो नेहमी करतो त्याला दाखवा." इतकं स्पष्ट सांगणारा डॉक्टर घराजवळ असणं मला फार मोलाचं वाटतं.

२. कोणता सांधा बसवणार आणि का, हे समजून घ्या. नेहमीच्या प्रकारात गोळ्याच्या जागी गोळा आणि खोबणीच्या जागी खोबणी बसते, पण त्याला आतले स्नायू शाबूत लागतात. ते फाटलेले असतील तर उलटा सांधा बसवतात. त्यात गोळा खांद्याच्या पात्याला आणि खोबणी दंडाच्या हाडाला. फ्रान्समधल्या दिजाँ शहरातल्या पॉल ग्रामों या सर्जननी १९८५च्या सुमारास ही रचना वापरात आणली. त्याने सांध्याचा मध्य आत आणि खाली सरकतो, आणि खांद्यावरचा डेल्टॉइड हा मोठा स्नायू एकटा हात उचलू शकतो. म्हणून तो स्नायू आणि त्याची नस चांगली आहे का, हे सर्जननी हात लावून तपासलंच पाहिजे. आत्याला ज्यांनी आधी हात उचलायला लावून, खांदा चाचपून मग सीटी स्कॅन पाहिला, त्यांच्याकडेच आम्ही थांबलो. नुसते फोटो पाहून तारीख देणाऱ्याकडे मी माझं माणूस ठेवणार नाही.

३. "वर्षाला असे किती खांदे करता?" हे थेट विचारा. आत्या कुजबुजली, "असं विचारतात का गं डॉक्टरांना?" विचारतात. डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिलं. गुडघ्यात हात बसलेला सर्जन खांद्यातही तितकाच तरबेज असेल असं धरून चालू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक केसपेपरवर असतो, तोही पाहून ठेवा.

४. खर्च लेखी घ्या. केंद्राने २०१७च्या ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्या आदेशात खांदा नव्हता. म्हणून सांध्याची कंपनी, प्रकार आणि किंमत आधीच विचारायची आणि ऑपरेशननंतर त्याचं स्टिकर फाइलमध्ये लावून घ्यायचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन त्या रुग्णालयात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा.

५. खांद्यात आधी घेतलेली स्टेरॉइडची सुई लपवू नका. ती नुकतीच घेतली असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ऑपरेशन काही महिने पुढे ढकलतात. साखर आणि किडका दातही आधी आटोक्यात आणावा.

६. ऑपरेशन पुण्यात, व्यायाम घराजवळ. शिरूरहून जायचं तर वाघोलीची गर्दी चुकत नाही. दौंडहून रेल्वे आहे, पण पट्ट्यात बांधलेला हात घेऊन गर्दीच्या डब्यात चढणं म्हणजे धक्क्याला आमंत्रण. व्यायाम कित्येक महिने चालतो, त्यासाठी दर वेळी पुणं गाठणं कुणालाच जमत नाही. मग माणूस व्यायामच सोडतो आणि चांगला बसवलेला सांधाही आखडतो. आम्ही सर्जनकडून आठवड्यागणिक काय करायचं आणि काय नाही हे कागदावर घेतलं, तो कागद दौंडच्या फिजिओथेरपिस्टना दिला आणि दोघांचं फोनवर बोलणं करून दिलं. दोन गावांतल्या या दोन माणसांची गाठ घालणं हे घरच्यांचंच काम आहे. रुग्णालय ते आपणहून करेल याची वाट पाहू नये.

७. घरातली रोजची हालचाल सर्जनसमोर करून दाखवा. आपल्याकडे बायका जमिनीवरून उठताना हात मागे टेकतात, पाठीमागे हात नेऊन साडी खोचतात. उलट्या सांध्यात नेमकं हेच सुरुवातीला धोक्याचं, सांधा निखळू शकतो. आत्याने खुर्ची, पलंग आणि पुढून बटणांचा गाऊन अशी सोय आधीच केली. शौचाला डाव्या हाताची सवय होतीच, उजव्या हाताचा घास मात्र चमच्याने सुरू झाला.

८. जखमेतून पाणी येऊ लागलं, ताप आला किंवा दुखणं नव्याने वाढलं, तर गावात कुणाकडूनही अँटिबायोटिक सुरू करू नका. गोळ्या आधीच पोटात गेल्या की सांध्यातलं पाणी तपासूनही जंतू सापडेनासे होतात. पहिला फोन ऑपरेशन केलेल्या सर्जनला. तो नंबर आत्याच्या, माझ्या आणि दौंडच्या डॉक्टरांच्या फोनमध्ये आहे.