नोकरीचा अर्ज आणि एक वेलांटी

(अर्ज लिहायला आपण शाळेत शिकतो. पण अर्जात विनोद चालतो का? चालत असेल, तर कसा? मंगरूळपीरच्या एका तरुणाने केलेला हा प्रयत्न वाचा.)

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर हे आमचे गाव. दादा हयात कलंदर यांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचे मंदिर यांमुळे ते दूरवर ओळखले जाते. येथील उर्दू शाळेत मी मराठी शिकवतो.

एका संध्याकाळी माझा जुना विद्यार्थी घरी आला. तो बी. ए. झाला होता आणि वडिलांच्या सायकल-दुकानात पंक्चर काढत होता. त्याच्या हातात एक जाहिरात होती. पुण्यातील काही तरुणांनी नवी कंपनी काढली होती. मुलांसाठी मराठी गोष्टी मोबाइलवर देण्याचा त्यांचा विचार होता. त्यांना एक मुद्रितशोधक हवा होता. अनुभवाची अट नव्हती.

मुद्रितशोधक म्हणजे वाचकाच्या आधी मजकूर वाचून चुका दुरुस्त करणारा माणूस. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले, तेव्हा अक्षरांचे खिळे हाताने जुळवावे लागत. आज खिळे गेले, पण चुका गेल्या नाहीत. म्हणून हे कामही संपलेले नाही.

त्याने अर्ज दाखवला. ‘मी अत्यंत हुशार, कष्टाळू व प्रामाणिक आहे,’ अशी त्याची सुरुवात होती. मी म्हणालो, “बेटा, हा अर्ज कोणाचाही असू शकतो. यात तू कुठे आहेस?”

त्याने मान खाली घातली. “सर, मराठी माझी दुसरी भाषा. पंक्चर काढणाऱ्याला तिथे कोण घेणार?”

“मग तेच लिही,” मी म्हणालो. “पण रडून नको, हसून लिही.”

मी त्याला मिर्झा गालिब यांची आठवण करून दिली. १८५० साली बहादुरशहा जफर यांनी गालिबांना मोगल घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम दिले. पगार महिन्याला ५० रुपये ठरला. पण तो सहा महिन्यांनी हाती पडे. गालिबांनी बादशहाला कवितेतच अर्ज केला. मृताच्या सहामाही विधीशी त्यांनी आपल्या सहामाही पगाराची गमतीने तुलना केली. तक्रार खरी होती, पण वाचणाऱ्याला हसू यावे अशी होती.

दोन दिवसांनी तो नवा अर्ज घेऊन आला :

‘महोदय,

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. उर्दूत एका नुक्त्याने “दुआ”चा “दगा” होतो. त्यामुळे लहानपणापासून मी टिंबालाही घाबरतो. मराठी माझी दुसरी भाषा आहे. घरचा माणूस अंधारातही चालतो. पाहुणा प्रत्येक पायरी बघून पाऊल टाकतो. मी तसा प्रत्येक वेलांटी बघून चालतो.

तरी मी अगदी परका नाही. अर्ज, मसुदा, मजकूर, दुरुस्ती हे अरबी-फारसीतून आलेले माझे जुने ओळखीचे शब्द आपल्या कचेरीत आधीच कामाला लागले आहेत. मीच तेवढा बाहेर राहिलो आहे.

वडिलांच्या दुकानात मी पंक्चर काढतो. ट्यूब पाण्यात धरून बारीक बुडबुडा शोधण्याची मला सवय आहे. छिद्र सापडल्याशिवाय ट्यूब सोडायची नाही, हा दुकानाचा नियम आहे.

आठवीपर्यंत मी “शिक्षक दीन” असे लिहीत असे. आमचे सर म्हणत, “महिनाअखेरीस हे बरोबर आहे; एरवी पहिली वेलांटी दे.” तेव्हापासून ही चूक मला दुरून दिसते. आपल्या जाहिरातीत “मराठी भाषा गौरव दीन” असे छापले आहे. भाषा खरोखर दीन झाली असेल, तर तिच्या मदतीला मी पहिल्या एसटीने निघतो. नसेल, तर कृपया वेलांटी बदलावी.

आपला विश्वासू.’

मी पोट धरून हसलो. मग म्हणालो, “अर्ज छान आहे, पण एका ट्यूबला छिद्र राहिले आहे.”

त्याचा चेहरा उतरला. तो तिथेच ओट्यावर बसला. चौथ्या वाचनात त्याला चूक सापडली. एका ठिकाणी त्याने ‘आणी’ असे लिहिले होते. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ लिहितात. पण ‘आणि’ हा अपवाद आहे. चुका शोधण्याची नोकरी मागणारा अर्जच चुकीचा गेला असता, तर हसू अर्जाचे नव्हे, त्याचे झाले असते. त्याने ते वाक्यच काढून टाकले आणि संपूर्ण अर्ज पुन्हा लिहिला.

पंधरा दिवसांनी उत्तर आले : ‘आपण आमचा दिन सुधारला. आता सोबतची चार पाने सुधारून पाठवा.’ त्याने ती रात्रभर जागून सुधारली. तीन महिन्यांच्या उमेदवारीवर त्याला काम मिळाले. पुढे तो कायम झाला.

मुलांनो, नोकरी विनोदाने मिळाली नाही. विनोदामुळे अर्ज शेवटपर्यंत वाचला गेला, एवढेच. त्याने आधी स्वतःची चूक सांगितली, मग दुसऱ्याची. म्हणून कोणी दुखावले नाही. शिवाय प्रत्येक गमतीत कामाचा एक पुरावा होता.

परवा मी त्याला शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका पाठवली. लगेच उत्तर आले : ‘सर, एक छिद्र आहे.’

शब्दार्थ
दिन – दिवस. दीन – गरीब, लाचार (उर्दूत ‘दीन’ म्हणजे धर्म). मसुदा – कच्चे लेखन. उमेदवारी – काम शिकण्याचा काळ. चेहरा उतरणे – निराश होणे.

स्वाध्याय
१. मुद्रितशोधक कोणते काम करतो?
२. पहिल्या अर्जात सरांना कोणती उणीव दिसली?
३. पंक्चर काढणे आणि चुका शोधणे यांत कोणते साम्य आहे?
४. अर्थातील फरक सांगा : दिन–दीन, सुत–सूत, शिर–शीर.
५. शाळेच्या वाचनालयात मदतनीस म्हणून काम मिळावे, यासाठी अर्ज लिहा. त्यात स्वतःवर एक विनोद करा.