निर्मितीतील बदल आणि जनुकीय उपचार

जनुकीय अभियांत्रिकीचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास ऐकू येतो : अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ करण्याचा माणसाला काय अधिकार? आक्षेप घेणाऱ्याच्या घरी कित्येकदा फ्रीजमध्ये इन्सुलिनची कुपी असते. पूर्वी इन्सुलिन गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढले जाई. मानवी इन्सुलिनचे जनुक जिवाणूत घालून तयार केलेले औषध १९८२ मध्ये बाजारात आले. डुकराच्या इन्सुलिनसाठी ‘जरूरत’ म्हणून जी सवलत शोधावी लागे, तिची गरज याच विद्येमुळे संपत गेली.

आक्षेपाला आधार मात्र आहे. सूरह अन्-निसाच्या ११९व्या आयतीत सैतानाची प्रतिज्ञा सांगितली आहे, की तो माणसांकडून अल्लाहच्या निर्मितीत बदल करवील. पण प्रत्येक बदल या निषेधाखाली येतो काय? याचे उत्तर दोन रिवायती शेजारी ठेवल्या म्हणजे मिळते. हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक अज्ञानकाळातील एका लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषाला सोने निषिद्ध असूनही ही अनुज्ञा मिळाली. अबू दाऊद व तिर्मिझी यांनी ही हदीस नोंदविली आहे. दुसरीकडे, बुखारी व मुस्लिम यांत हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची रिवायत आहे. तीत केवळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार आहे आणि निर्मितीत बदल करण्याचा उल्लेख तेथेच येतो. शरीर दोन्हीकडे बदलते. एकीकडे गमावलेले परत मिळविले जाते, दुसरीकडे निरोगी अवयव हौसेखातर मोडला जातो. मक्का येथील इस्लामी फिक्ह परिषदेने १९९८ मध्ये हाच भेद मानला : रोग टाळण्यासाठी व बरा करण्यासाठी जनुकीय विद्या जाइज, माणसाच्या घडणीशी खेळ करण्यासाठी नाजाइज.

आता थॅलेसेमियाचे उदाहरण घ्या. या रोगाच्या गंभीर प्रकारात मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने सिकलसेल व थॅलेसेमियावरील ‘कॅसजेव्ही’ या उपचारास मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून एका जनुकावर सूक्ष्म छेद दिला जातो. आईच्या उदरात असताना बाळाच्या रक्तात एक निराळे हिमोग्लोबिन असते, ते जन्मानंतर जवळजवळ बंद होते. या छेदाने तो प्रतिबंध उठतो आणि तेच हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. म्हणजे येथे परके काही आणलेले नाही. निर्मात्याने गर्भातच दिलेली तरतूद पुन्हा जागी केली आहे. मला हे अरफजांच्या नाकापेक्षाही निःसंदिग्ध वाटते. अडचण वेगळीच आहे. उपचारापूर्वी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते, तिने वंध्यत्व येऊ शकते. आणि अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर ठरली. इलाज हलाल असून गरिबाच्या हाती न येणे, हाही नीतीचाच प्रश्न आहे, आणि त्यावर आपल्या सभांतून फारसे बोलले जात नाही.

याउलट चीनमधील हे जियानकुई याने २०१८ मध्ये भ्रूणांतच बदल करून जुळ्या मुली जन्मास आणल्याचे जाहीर केले. एचआयव्हीची बाधा होऊ नये, हा त्याचा हेतू होता. पण ते भ्रूण आजारी नव्हते, आणि असा बदल पुढील पिढ्यांतही उतरतो. ज्यांची संमती घेणे शक्यच नाही, त्यांच्यावर अज्ञात धोका लादण्यास शरीअतीत जागा नाही. त्याला तीन वर्षांची कैद झाली.

आपल्या कुटुंबांच्या हाती असलेले काम मात्र कितीतरी स्वस्त आहे. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला गंभीर रोग होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः धडधाकट असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. चुलत-मावस नात्यातील निकाह जाइजच आहे. पण घराण्यात हा दोष असेल तर तेथे शक्यता वाढते. सौदी अरेबियाने २००४ पासून निकाहपूर्व तपासणी सक्तीची केली, निर्णय मात्र उभयतांवर सोपविला. आपल्याकडे रिपोर्ट मागितलाच तर मुलीकडून मागितला जातो. वास्तविक मुलाचे रक्त आधी तपासावे; तो वाहक नसेल तर मुलीच्या तपासणीवाचूनही ही चिंता उरत नाही.