आधी पार्किंगात उतर

अगं, भाड्याने फ्लॅट बघायला गेलीस की बाल्कनीतून डोंगर दिसतो का ते मागाहून बघ. आधी पार्किंगात उतर. विजेची गाडी घेऊन बसलीस ना, मग तुझं अर्धं घर तिथंच आहे.

लोणावळ्यात तुंगार्ली असो, वळवण असो की तिकडे तळेगाव, एजंट म्हणणारच, "चार्जिंग आहे, मॅडम." नेमकं काय आहे ते डोळ्यांनी बघ. चाळीस वर्षं वायरमनकी केली मी. एका ठिकाणी तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमधून एक्स्टेन्शनची वायर खाली लोंबत होती. बोर्ड विटेवर ठेवलेला, पाऊस लागू नये म्हणून दुधाची पिशवी गुंडाळलेली. प्लग काढला तर पितळ काळं आणि प्लास्टिक वितळून एका बाजूला कललेलं! गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी सात-आठ तास करंट ओढत बसते. त्यामुळे पंधरा अँपिअरचा सॉकेट, त्याला वेगळा एमसीबी, आरसीसीबी आणि खरं अर्थिंग हवं. अर्थिंग वायरमनकडून तपासून घे, मालकाच्या शब्दावर जाऊ नकोस. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लग चाचपून बघ. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद कर.

लोणावळ्याचा पाऊस म्हणजे वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटरच्या पुढे. सॉकेट कमरेच्या वर आणि पागोळीपासून आत हवा. पार्किंगच्या भिंतीवर गेल्या पावसाळ्यातल्या पाण्याची रेघ शोध. नवा रंग दिला असेल तर खांबांच्या मागे बघ, तिथे कुणी ब्रश नेत नाही.

मालकाकडून लाइट बिल मागून घे. त्यावर मंजूर भार छापलेला असतो. तो तीन किलोवॅट असेल आणि तुझा चार्जरच सव्वातीनचा, तर भार वाढवून घ्यावा लागेल. त्याचा खर्च कोणाचा ते आधीच ठरव. वायर कोणत्या मीटरवरून आलीय तेही विचार. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून असेल तर वार्षिक सभेत तुझ्याच नावाने शंख. तुझी तीस युनिटची बॅटरी तीनदा भरली की शंभर युनिटचा पहिला स्लॅब जवळजवळ संपलाच, आणि पुढचा स्लॅब महाग. मालकाशी बिल वाटून घेणार असलीस तर सबमीटर लाव, वाद नको. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायची मुभा ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी 2022 मध्येच दिलीय. पण चेअरमनला कागद फडकवून दाखवू नकोस. चहाला जा आणि लेखी परवानगी घेऊन ये.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं सांगणारे भेटतील. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणी लागतेच, आणि ती जबाबदारी मालकाची. करारात पार्किंगचा नंबर आणि चार्जिंगचा सॉकेट दोन्ही लिहून घे.

आणि हो, मुंबईला निघताना शंभर टक्के भरू नकोस, नव्वदला थांब. आपल्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी 1915 पासून खोपोलीत वीज केली. तुझी गाडी खंडाळ्याचा उतार उतरताना तेच करते. बॅटरी गच्च भरलेली असली की ती वीज घ्यायला जागा नसते, मग सगळा भार ब्रेकवर. परत येताना मात्र घाट चार्ज खातो, तेव्हा खोपोलीतच टक्के बघ. शनिवारी तर बघच. चार्जरवर पर्यटकांची रांग असते.