रसायनांचा स्वभाव आणि त्यांचा वेग

नेरळला चुलीवर उकळत्या पाण्यांत जो भात दहा मिनिटांत शिजतो, त्याच भातास माथेरानावर अजमासें बारा मिनिटें लागतात. तांदूळ तोच, पाणी तेंच, भांडेंही तेंच. मग हा फरक कां? माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० अंश सेल्सिअसऐवजीं सुमारें ९७ अंशांवरच उकळूं लागतें. मग चुलींत कितीही लांकडें सारलीं तरी तें त्याहून अधिक तापत नाहीं. तीन अंश म्हणजे कांहींच नव्हेत असें आपणांस वाटतें; पण भाताला ते कळतात.

रसायनशास्त्रांत दोन प्रश्न नेहमीं वेगळे ठेवावे. एखादा पदार्थ काय करील, हा पहिला. आणि तो तें किती त्वरेनें करील, हा दुसरा. आमचे विद्यार्थी पहिल्याचें उत्तर पाठ करून येतात व दुसऱ्यास गौण मानतात. तो गौण नाहीं, हेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम वेग म्हणजे काय तें पाहूं. कर्जत स्थानकावर बोरघाट चढण्यापूर्वीं अनेक गाड्यांस मागून ढकलणारीं जादा एंजिनें जोडतात, हें तुम्ही पाहिलेंच असेल. रासायनिक क्रियेच्या वाटेवरही असाच एक घाट असतो. दोन पदार्थांचे कण एकमेकांवर आदळले म्हणजे त्यांचा संयोग होतोच असें नाहीं. ज्यांच्या अंगीं घाट चढण्याइतकी ऊर्जा असेल तेच पलीकडे जातात. उष्णता ही त्या जादा एंजिनासारखी आहे. तपमान थोडें वाढलें कीं घाट चढूं शकणाऱ्या कणांची संख्या पुष्कळ वाढते. स्वीडनचे शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनीं १८८९ सालीं हा संबंध गणितानें मांडला. ठोकळ नियम असा कीं, तपमान १० अंशांनीं वाढलें म्हणजे पुष्कळशा क्रियांचा वेग दुप्पट होतो. प्रेशर कुकरमध्यें पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें. म्हणजे दोन वेळां दुप्पट, अर्थात् चौपट वेग. डाळ लवकर कां शिजते, तें आतां समजेल.

वेग वाढविणारीं आणखी तीन कारणें आहेत. एक, पृष्ठभाग: अखंड ओंडका सावकाश पेटतो, त्याच्याच ढलप्या भरभर जळतात. दुसरें, द्रवाची तीव्रता: खाण्याच्या सोड्यावर निव्वळ लिंबाचा रस पिळल्यास फेस उसळतो, तोच रस चौपट पाण्यांत मिसळून घातल्यास मंदपणें येतो. हा प्रयोग घरीं अवश्य करून पाहावा. तिसरें, उत्प्रेरक: तो घाटाला कमी चढाची दुसरी वाट काढून देतो आणि स्वतः मात्र खर्च होत नाहीं. आपल्या लाळेंतील पाचकरस हें याचें उदाहरण होय. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला म्हणजे गोड लागूं लागतो, तो त्यामुळेंच.

आतां पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे स्वभावाकडे वळूं. १८६९ सालीं मेंडेलीव्ह या रशियन अध्यापकानें त्या वेळीं ज्ञात असलेलीं मूलद्रव्यें कोष्टकांत मांडलीं आणि न सांपडलेल्यांसाठीं जागा रिकाम्या सोडल्या. पुढें १८७५ सालीं गॅलियम सांपडलें व त्यांतील एक जागा भरली. आज या सारणींत ११८ मूलद्रव्यें असून १८ उभे गण आहेत. एका गणांतील मूलद्रव्यें भावंडांसारखीं असतात: स्वभाव एक, पण चपळाई वेगवेगळी.

पहिल्या गणांत लिथियम, सोडियम व पोटॅशियम हीं भावंडें आहेत. पाण्यांत टाकल्यावर तिघेंही हायड्रोजन सोडतात. परंतु लिथियम सावकाश फसफसतें, सोडियम वितळून गोळी होतें व पाण्यावर सैरावैरा धांवतें, आणि पोटॅशियम तर जांभळट ज्वालेनें पेटतें. गणांत जसजसें खालीं जावें तसतसा अणु मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर पडतो व सहज सुटतो. जणूं घाटच ठेंगणा होतो. दुसऱ्या गणांतही तोच क्रम: मॅग्नेशियम थंड पाण्यांत जवळजवळ स्तब्ध राहतें, कॅल्शियम मात्र बुडबुडे सोडतें. सतराव्या गणांत क्रम उलटा आहे. तेथील मूलद्रव्यें इलेक्ट्रॉन देत नाहींत, घेतात. म्हणून सर्वांत वरचें फ्लोरीन अत्यंत उग्र, त्याखालीं क्लोरीन, मग ब्रोमीन, आणि त्यांमानानें आयोडीन सौम्य.

पालकहो, हा विषय केवळ परीक्षेचा नाहीं. पाताळगंगेच्या कांठीं रसायनी हें गांव नांवानेंच रसायनाचें आहे. १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना तेथें उभारला गेला. खोपोली व खालापूर भागांत आजही पुष्कळ कुटुंबांचें पोट कारखान्यांवर चालतें. अशा ठिकाणीं वेगाचें ज्ञान हें प्राणरक्षणाचें ज्ञान होय.

कारण असें. पुष्कळ क्रिया स्वतःच उष्णता उत्पन्न करतात. त्या उष्णतेनें वेग वाढतो, वाढलेल्या वेगानें आणखी उष्णता होते. उष्णता दामदुपटीनें वाढते, तिचा निचरा मात्र सरळ हिशेबानेंच होतो. त्यांत भांडें मोठें असेल तर संकट अधिक. पेल्यांतला चहा लवकर निवतो, पातेल्यांतला उशिरां. कारण भांडें लांबी, रुंदी व उंचीनें दसपट केलें तर आंतला माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच. म्हणून परीक्षानळींत निरुपद्रवी असणारी क्रिया कारखान्याच्या टाकींतही निरुपद्रवीच असेल असें कोणीं समजूं नये.

१९८४ सालच्या २ डिसेंबरच्या रात्रीं भोपाळ येथें युनियन कार्बाइडच्या कारखान्यांत हेंच घडलें. मिथिल आयसोसायनेटच्या टाकींत पाणी शिरलें. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधींच बंद केलेली होती. लोखंडाच्या अंशानें उत्प्रेरकाचें काम केलें. उष्णता व वेग एकमेकांस वाढवीत गेले, आणि विषारी वायूनें हजारों माणसांचे प्राण घेतले. पुस्तकांत आपण जीं कारणें एकेक करून शिकतों, तीं त्या रात्रीं एकत्र आलीं होतीं.

घरींही सावध असावें. पाण्याच्या शुद्धीकरणास जें क्लोरीन उपयोगी पडतें, तेंच ब्लीचिंग पावडरींत संडास धुण्याचें ॲसिड मिसळल्यास विषारी वायु होऊन बाहेर पडतें. तीं दोन कधींही एकत्र करूं नयेत. कळीच्या चुन्यावर पाणी ओततांना लहान मुलांस दूर ठेवावें. तो उकळतो, आणि डोळ्यांत उडाल्यास दृष्टि जाऊं शकते.

मुलांनो, तुमच्यापैकीं कांहीं जण उद्यां त्याच कारखान्यांत कामास लागाल. तेथें थंड पाण्याची तोटी कां बंद करूं नये, पदार्थ थोडा थोडा कां घालावा, अशा सूचना भिंतीवर लिहिलेल्या असतील. त्यांचें कारण ज्यास ठाऊक आहे, तो घाईच्या वेळीं व वरिष्ठांच्या रागापुढेंही त्या मोडणार नाहीं. देवानें सृष्टीस नियम घालून दिले आणि ते जाणण्यास आपणांस बुद्धि दिली. त्या बुद्धीचा उपयोग करून शेजाऱ्याचा जीव वांचविणें, ही देखील त्याची सेवाच होय.