वाचकांचे प्रश्न : सरकारची पत आणि आपले कर्ज

प्रश्न : शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझे बीडाच्या कास्टिंगवर मशीनिंग करून देण्याचे लहान वर्कशॉप आहे. नऊ माणसे कामाला आहेत, उद्यम नोंदणी आहे आणि बँकेचा एकही हप्ता आजवर थकलेला नाही. नवे व्हीएमसी मशीन घेण्यासाठी ३२ लाख आणि रोजच्या खेळत्या भांडवलासाठी १२ लाख असे ४४ लाखांचे कर्ज मागितले, तर बँक राहते घर तारण मागते. घर वडिलोपार्जित असून थोरले बंधू सही देण्यास तयार नाहीत. माझ्यापाशी पदरचे आठ लाख आहेत. दोन मोठ्या कारखान्यांकडे माझी २८ लाखांची बिले चार-चार महिने अडकून पडतात. सरकार कर्जाला हमी देते असे ऐकतो. ही हमी मिळाली तर धंदा बुडाल्यास कर्ज सरकार फेडते काय? अर्ज कोठे करावा? – एक वाचक, शिरोली (कोल्हापूर)

उत्तर : आपल्या पत्रात दोन स्वतंत्र अडचणी एकाच रकमेत गोवल्या गेल्या आहेत. यंत्रासाठी तारण नाही ही एक आणि केलेल्या कामाचे पैसे वेळेवर हाती येत नाहीत ही दुसरी. दोहोंवरील उपाय निरनिराळे असल्यामुळे त्या आरंभीच वेगळ्या करणे इष्ट होय.

उद्योगास साहाय्य करण्याची सरकारची रीत गेल्या पाऊण शतकात पुष्कळ पालटली आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काळात, खाजगी बँका कारखानदारीस दीर्घ मुदतीचे भांडवल देण्यास कचरत असताना, सरकारने स्वतःच धनकोची भूमिका पत्करली. १९४८ साली औद्योगिक वित्त महामंडळ निघाले, १९५१ च्या कायद्याने राज्य वित्तीय महामंडळांची तजवीज झाली आणि तदनुसार मुंबई राज्याचे महामंडळ १९५३ साली स्थापन झाले. पुढे महाराष्ट्रात १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड, रस्ते आणि पाणी यांची व्यवस्था हाती घेतली, १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजनेने मागास भागांत जाणाऱ्या कारखान्यांस सवलती देऊ केल्या आणि १९६६ साली सिकॉम हे राज्याचे औद्योगिक गुंतवणूक महामंडळ आले. या सर्वांत सरकार आपला पैसा किंवा आपली जमीन देत होते. पतहमीच्या योजनेत मात्र सरकार आपली पत देते. पैसा बँकेचा असतो, निर्णय बँकेचा असतो, आणि कर्ज बुडाल्यास होणाऱ्या हानीतील ठरावीक हिस्सा भरून देण्याचे वचन तेवढे सार्वजनिक निधीचे असते. माझ्या मते लहान कारखानदाराच्या दृष्टीने हे साधन थेट सरकारी कर्जापेक्षा अधिक हितावह आहे, कारण ऋणकोची पारख त्याचे खाते रोज पाहणाऱ्या बँकेकडेच राहते आणि ज्याच्यापाशी कसब आहे पण स्थावर नाही, अशा माणसास दरवाजा उघडतो.

ही हमी देणारी संस्था म्हणजे सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा पतहमी निधी न्यास. बँकेत तिला सीजीटीएमएसई म्हणूनच ओळखतात. भारत सरकार आणि लघुउद्योग विकास बँक (सिडबी) यांनी मिळून २००० साली ती स्थापन केली. हमीयोग्य कर्जाची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून पाच कोटी आणि १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी करण्यात आली आहे, म्हणजे आपली मागणी तिच्या आवाक्यातच आहे. योजना सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरती असून मध्यम उद्योग तीत येत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्गवारीनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींच्या आणि वार्षिक उलाढाल दहा कोटींच्या आत असेल तो उद्योग सूक्ष्म ठरतो. आपले वर्कशॉप याच वर्गात मोडत असावे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. धंदा बुडाल्यास सरकार आपले कर्ज फेडते काय, तर नाही. हमी बँकेस दिलेली असते, आपणास नव्हे, आणि ही गोष्ट मी पुनःपुन्हा सांगतो, कारण हमी म्हणजे माफी अशा समजुतीने कर्ज उचलून पुढे वसुलीच्या नोटिशीने हतबुद्ध झालेली माणसे या सदराकडे वारंवार पत्रे धाडतात. यंत्राची किंमत ३२ लाख, त्यांत आपले आठ आणि बँकेचे २४ लाख असे धरू. सर्वसाधारण वर्गातील सूक्ष्म उद्योजकास या रकमेवर ७५ टक्के हमी मिळाली तर तीखाली १८ लाख येतात. खाते अनुत्पादित ठरले तर बँकेने प्रथम आपणाविरुद्ध कायदेशीर कारवाई सुरू करावयाची आणि मग न्यासाकडे दावा दाखल करावयाचा, अशी पद्धत आहे. सबंध २४ लाख थकीत आहेत असे मानल्यास या १८ लाखांचाही ७५ टक्के भाग, म्हणजे साडेतेरा लाख, बँकेस प्रथम मिळतो आणि उर्वरित भाग वसुलीची कार्यवाही संपल्यानंतर. एवढे होऊनही आपल्या नावचे देणे कमी होत नाही. बँक वसुली चालूच ठेवते, वसूल झालेल्या रकमेतील न्यासाचा वाटा न्यासाकडे जातो, यंत्र बँकेकडे नजरगहाण असल्यामुळे ते जप्त होऊ शकते आणि मालक या नात्याने दिलेली आपली वैयक्तिक हमीही उभी राहते. शिवाय सिबिलच्या दप्तरी थकबाकीदार म्हणून नोंद होते, ती निराळीच.

मग आपला लाभ कोणता? राहते घर गहाण टाकावे लागत नाही आणि थोरल्या बंधूंच्या सहीचा प्रश्नच उरत नाही, हा. या योजनेखालील कर्जाच्या हमी असलेल्या भागासाठी बँकेने स्थावराचे तारण किंवा तिऱ्हाईताची जामीनकी घेता कामा नये, असा नियमच आहे. वडिलोपार्जित घरावरून भावाभावांत वितुष्ट येण्यापेक्षा हमीचे वार्षिक शुल्क भरणे कितीतरी स्वस्त पडते. हे शुल्क २०२३ च्या फेररचनेत लहान कर्जांसाठी ०.३७ टक्क्यांपासून सुरू होते आणि रकमेनुसार वाढत जाते. अर्धा टक्का धरला तरी २४ लाखांवर पहिल्या वर्षी १२ हजार रुपये होतात. बँका ते बहुधा ऋणकोकडूनच वसूल करतात, म्हणून मंजुरीपत्रात ते कोणाच्या शिरावर आहे हे वाचून घ्यावे.

अर्ज न्यासाकडे करावयाचा नसतो. तो बँकेकडेच करावा आणि ‘कर्ज सीजीटीएमएसईच्या हमीखाली, तारणाविना मंजूर करावे’ असे त्यात स्पष्ट लिहावे. सोबत तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रे, यंत्राचे कोटेशन, आणि मुख्यतः नव्या यंत्रावर कोणते काम किती दराने मिळणार याची गिऱ्हाइकांची लेखी पत्रे जोडावीत. तारण नसलेल्या अर्जात बँकेच्या अधिकाऱ्यास धरून राहण्यासारखे हेच एक असते. रिझर्व्ह बँकेने २०१० साली सूक्ष्म व लघु उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये असा आदेश दिला होता. आपली रक्कम त्याहून मोठी असल्यामुळे तारण मागण्यात बँकेने नियमभंग केला असे म्हणता येत नाही, पण नकार दिल्यास तो कारणांसह लेखी मागावा. एका बँकेचा नकार हा सर्व बँकांचा नकार नव्हे.

आता त्या १२ लाखांविषयी. येथे माझा सल्ला आपणास कदाचित रुचणार नाही : ते कर्ज काढूच नये. आपले स्वतःचेच २८ लाख दुसऱ्यांच्या तिजोरीत बिनव्याजी पडून असताना त्यांच्या अर्ध्याहून कमी रकमेसाठी आपण बँकेस व्याज द्यावे, म्हणजे मोठ्या कारखान्यांचे खेळते भांडवल नऊ माणसांच्या वर्कशॉपने पुरवावे, हा व्यवहार अन्यायाचा आहे आणि त्यावर उपाय करण्याची साधने सार्वजनिक व्यवस्थेनेच निर्माण केलेली आहेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदारास ४५ दिवसांपलीकडे मुदत घेता येत नाही, आणि करार नसल्यास ती १५ दिवसांची आहे. मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देणे त्यास भाग आहे. हा तंटा राज्य सरकारच्या सुकरता परिषदेपुढे नेता येतो आणि तिचा निवाडा न्यायालयात आव्हानित करू इच्छिणाऱ्या खरेदीदारास निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. आयकर कायद्यातही २०२३ च्या वित्त अधिनियमाने अशी तरतूद घातली की सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे मुदतीत न दिल्यास तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, खरेदीदारास वजावटीसाठी दाखवता येत नाही. आपल्या गिऱ्हाइकांच्या हिशेबनिसास याची जाणीव असतेच, तरीही बिलावर आपला उद्यम क्रमांक ठळकपणे छापावा.

मात्र परिषदेकडे धाव घेतली की पुढची ऑर्डर बंद होते ही आपल्या मनातील भीती मी जाणतो, आणि ती निराधार नाही. म्हणून त्याआधी ट्रेड्स या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचांचा मार्ग पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या या मंचांवर खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावतात. बोली स्वीकारताच थोडी सूट वजा जाऊन रक्कम आपल्या खात्यात येते, आणि मुदत भरल्यावर बँक खरेदीदाराकडून वसूल करते. व्याजदर आपल्या पतीवर नव्हे तर त्या मोठ्या कारखान्याच्या पतीवर ठरतो, त्याने पुढे पैसे थकवले तरी बँक आपल्याकडे परत येत नाही, आणि आपल्या ताळेबंदात कर्ज वाढत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटींपेक्षा अधिक उलाढालीच्या सर्व कंपन्यांना या मंचांवर नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणी सक्तीची असली तरी प्रत्येक बिल मान्य करणे सक्तीचे नाही, ही या व्यवस्थेतील मोठी उणीव होय, आणि ती दूर व्हावी असे मला तीव्रतेने वाटते. तथापि आपले दोन्ही खरेदीदार त्या उलाढालीचे असतील तर त्यांच्या खरेदी विभागास लेखी विनंती करण्यास आपण कचरू नये. तात्पर्य, आपण ४४ लाखांचे नव्हे तर २४ लाखांचे कर्ज मागावे. एवढी मागणी बँकेसही पेलणारी वाटेल.

प्रश्न : कुडाळजवळील गावात आमसूल, कोकम सरबत आणि आंब्याचा गर यांचा कारखाना काढावयाचा आहे. खर्च २० लाख आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत महिलांना ३५ टक्के अनुदान मिळते असे समजले. ते सात लाख आधी मिळाले तर त्यातून शेड बांधून पुढे बँकेकडे जावे असा विचार आहे. हे योग्य आहे काय? – एक वाचिका, कुडाळ

उत्तर : ताई, आपला क्रम उलटा आहे. या योजनेत कर्ज आधी आणि अनुदान मागाहून येते. ग्रामीण भागातील महिलेस ३५ टक्के हा आकडा बरोबर आहे आणि स्वतःचा वाटा फक्त पाच टक्के, म्हणजे एक लाख, घालावा लागतो. पण उर्वरित १९ लाख बँक कर्ज म्हणून मंजूर करते, तर अनुदानाचे सात लाख आपल्या हाती न येता बँकेतच तीन वर्षे मुदतठेवीत राहतात. त्यांवर आपणास व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी कारखाना चालू असल्याची प्रत्यक्ष पाहणी झाल्यावर ती रक्कम कर्जातून वजा होते. कारखाना मध्येच बंद पडला तर अनुदानावरचा हक्क जातो. जमिनीची किंमत खर्चात धरली जात नाही, आणि योजना नव्या कारखान्यांसाठीच असल्यामुळे मंजुरीपूर्वी शेड बांधून उत्पादन सुरू केल्यास अर्जच अपात्र ठरू शकतो.

योजनेची मंजुरी २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची होती, म्हणून सध्याची स्थिती ओरोस येथील जिल्हा उद्योग केंद्रात विचारून मगच पुढे जावे. अर्ज ही योजना राबवणाऱ्या खादी आयोगाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन आणि विनाशुल्क भरता येतो. या कामासाठी आयोगाने कोणताही मध्यस्थ नेमलेला नाही. अनुदान मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये.